क्लीटची दुपार

दर मे महिन्यात आणि दर नोव्हेंबरात व्हर्ना ह्यूसमनला तिच्या गेलेल्या नवऱ्याचं कार्ड यायचं. भुताखेताची गोष्ट नाही ही, घाबरू नका. साधं पोस्टकार्ड. एका बाजूला टूथब्रश घेऊन दात विचकणाऱ्या बीव्हर प्राण्याचं चित्र, दुसऱ्या बाजूला क्लीट ह्यूसमनच्या जाड, ठसठशीत अक्षरात क्लीट ह्यूसमनचंच नाव आणि पत्ता. शेजारी छापलेलं, 'आपली दात तपासायची वेळ झाली आहे.' त्याखाली बोटभर कोरी जागा उरते, तिथे त्याची एखादी ओळ.

रीतच तशी होती. हार्लन हिल नावाच्या टेकडीवरच्या डेंटल कॉलेजात दात स्वस्तात होतात, कारण ते शिकणारी पोरं करतात. आणि शिकणारी पोरं करतात म्हणून दुपारची दुपार जाते. दर पायरीला पोरानं थांबायचं, मास्तरांनी येऊन तोंडात डोकवायचं, 'हं' म्हणायचं, मग पुढची पायरी. तोवर पेशंटनं छताकडे बघत पडून राहायचं. सहा महिन्यांनी यायच्या आठवणीचं कार्ड पेशंटनं आपलं आपणच लिहून ठेवायचं, म्हणजे कारकुनाचे कष्ट वाचले. ब्याण्णव सालच्या मे महिन्यात क्लीट असाच अडकून पडला होता. तीस वर्षं बसगाड्यांच्या इंजिनात हात घातलेला माणूस, रिकामं बसायचं म्हटलं की त्याला धडकी भरायची. शेवटी स्टेगमन नावाच्या कारकुनानं त्याच्यापुढे कोऱ्या कार्डांचा गठ्ठाच आणून टाकला, 'घ्या, पुढची चार-पाच एकदम भरून टाका.' क्लीटनं भरली. सप्टेंबरात तो गेला. त्याच हिलवर, मोठ्या इस्पितळात, पाचव्या मजल्यावर. स्वादुपिंडाचा कॅन्सर. कळल्यापासून सात आठवडे.

नोव्हेंबरात पहिलं कार्ड आलं. 'क्लीट, अजून जिवंत असलास तर दात दाखवून जा.'

व्हर्ना टपालपेटीपाशीच खाली बसली. आधी त्याला शिव्या घातल्या, मग हसली, मग अशी रडली की शेजारची बाई हातातलं काम टाकून धावत आली.

पुढचं मे महिन्यात आलं. 'दोन वाजून दहा. पोरगा अजून पहिलाच दात बघतोय. बारसं करणार बहुतेक त्याचं.' त्यापुढचं, 'पावणेतीन. दुसरा दात. घाई नको रे बाळा, निवृत्तीला अजून नऊ वर्षं आहेत माझ्या.' तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला, की ही सगळी त्या एकाच दुपारी लिहिलेली आहेत, ओळीनं. म्हणजे ती दुपार तिच्या दारात तुकड्यातुकड्यानं येत होती. इकडे सहा महिने जायचे आणि तिकडे अर्धाएक तास. लोक म्हणायचे, व्हर्ना सावरली हो चांगली. सावरली कसली! ती आपली साडेतीन वर्षं त्या एका दुपारीच राहत होती.

सातवं कार्ड गेल्या नोव्हेंबरातलं. 'साडेचार. मास्तर म्हणाले, परत कर. व्हर्ना बाहेर गाडीत बसलीय. आज माझी धडगत नाही.'

खरंच नव्हती. व्हर्ना तेव्हा उन्हात तीन तास गाडीत बसून शिजली होती. तो बाहेर आला, अर्ध्या बधिर तोंडानं हसतहसत काहीतरी सांगायला लागला, आणि तिनं त्याला बोलूच दिलं नाही. घरापर्यंत सबंध रस्ताभर ती एकटी बोलत होती. 'तुझे दात महत्त्वाचे, तुझा वेळ महत्त्वाचा, आणि मी काय रस्त्यावर पडलेय?' तो बिचारा गालाला हात लावून बसला. काय सांगत होता ते तिनं नंतरही विचारलं नाही. आता त्या साडेचारच्या पुढे काय, एवढ्या एका गोष्टीसाठी ती जीव टांगणीला लावून मे महिन्याची वाट बघत होती.

तुम्ही म्हणाल, इस्पितळ त्याच हिलवर, डेंटल त्याच हिलवर, मधे एक पार्किंग, आणि डेंटलला माणूस मेल्याचं कळू नये? अहो, हिलवर कुणाला कुणाचं कळायचं! मोठ्या इस्पितळाचा कॉम्प्युटर वेगळा, डॉक्टरांच्या दवाखान्यांचा वेगळा, डेंटलचा त्याहून जुना, नर्सिंग कॉलेजवाल्यांनी खेड्यापाड्यांत चालवलेल्या फिरत्या दवाखान्याच्या तर अजून वह्याच. प्रत्येकाचा केस नंबर आपला आपला. एकाच माणसाचं रक्त एका इमारतीत तपासायचे आणि तासाभरानं पलीकडच्या इमारतीत परत सुई टोचायचे, कारण तिथला अहवाल इथे दिसत नाही. प्रत्येक डीनला वाटायचं, आपला कॉम्प्युटर तेवढा शहाणा. अखेर हे सगळं एक करायचं ठरलं, आणि ते काम कुणावर टाकलं, तर लायब्ररीच्या मिसेस ब्रँडवींवर. कारण सगळे डीन जिच्याशी बोलत होते अशी हिलवर ती एकच बाई होती.

मिसेस ब्रँडवींनी लायब्ररीच्या तळघरात चार टेबलं मांडली आणि रेकॉर्ड रूममधल्या जुन्याजाणत्या बायका मागून घेतल्या. व्हर्ना त्यातली पहिली. एकतीस वर्षं तिनं केसपेपर काढले-ठेवले होते. कॉम्प्युटर दोन नोंदी शेजारी-शेजारी दाखवायचा आणि विचारायचा, हा आणि हा माणूस एकच की वेगळे? एकच असेल तर एक बटण, वेगळे असतील तर दुसरं, आणि खाली आपली आद्याक्षरं. 'एकच' म्हटलं की दोन्हीकडची माहिती मिसळायची. औषधं, आजार, शस्त्रक्रिया, सगळं. आणि माणूस मेलेला असेल तर मृत्यूची तारीखसुद्धा.

"लग्नं लावतोय गं आपण," शेजारच्या टेबलावरची रोझेटा पिंकनी म्हणायची. रोझेटा म्हणजे तोंडाचा पट्टा आणि मनाचं लोणी. "हे बघ, अल्विना केसलर आणि अल्विना रूडी. माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव. एकच बाई. झालं, टाका अक्षता."

"अक्षता नाही, तांदूळ म्हण नुसते. आमच्या चर्चमध्ये आता तेही टाकू देत नाहीत. कबुतरं मरतात म्हणे."

"कबुतरं नाही मरत, तुमचे फादर कंजूष आहेत."

एक नियम मात्र मिसेस ब्रँडवींनी पहिल्याच दिवशी घालून दिला होता. आपल्या घरच्या माणसाची जोडी समोर आली तर हात मागे घ्यायचा आणि ती शेजारणीला द्यायची. घरच्या माणसाच्या बाबतीत माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, असं त्या म्हणाल्या होत्या. किती बरोबर म्हणाल्या होत्या!

जानेवारीतल्या एका मंगळवारी, दुपारच्या जेवणानंतर, क्लीट ह्यूसमन व्हर्नाच्या समोर आला. डावीकडे इस्पितळाचा क्लीट, मृत्यू सप्टेंबर १७, १९९२. उजवीकडे डेंटलचा क्लीट, जिवंत, शेवटची भेट मे १९९२, पुढचं कार्ड मे १९९६. आणि खाली तो प्रश्न. एकच की वेगळे?

रोझेटा पेला धुवायला गेली होती. दोन मिनिटांचं काम होतं, तिला हाक मारायची आणि टेबल सोडून उठायचं. व्हर्ना उठली नाही. 'एकच' म्हटलं की डेंटलचा क्लीटही मेला, आणि मेलेल्याला कार्ड जात नाही. तिनं 'वेगळे' दाबलं आणि खाली व्ही. एच. लिहिलं. खोटं सांगत नाही, मनातून तिला असं गार वाटलं, की बुडणाऱ्या माणसाला तिनं हात देऊन वर ओढलंय. पुढची जोडी आली. तिनं तीही लावली, त्यापुढचीही लावली.

फेब्रुवारीत सगळ्या इमारतींत नवा कॉम्प्युटर सुरू झाला. मिसेस ब्रँडवींनी केक कापला. डीन लोकांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. व्हर्नानं केकचा एक तुकडा खाल्ला आणि मनात हिशेब केला, की मे महिन्याला अजून अकरा आठवडे आहेत.

मग उपासाचे शुक्रवार सुरू झाले. त्या भागात ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपासाच्या दिवसांत शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून चर्चच्या तळघरात मासे तळतात, आणि सगळं गाव हातात कागदी ताटली घेऊन रांगेत उभं राहतं. व्हर्ना दर वर्षी कोबीच्या कोशिंबिरीवर असायची. मार्चच्या त्या शुक्रवारी तिच्यापुढे पलीकडचा क्लीट आला.

पलीकडचा म्हणजे नदीपलीकडचा, केंटकीतला. हा तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. आजोबांचं नाव क्लीटस, म्हणून ज्या वर्षी आजोबा वारले त्या वर्षी जन्मलेल्या दोन्ही नातवांना तेच नाव. एकाचा जन्म एप्रिलच्या अकरा तारखेचा, दुसऱ्याचा नोव्हेंबरच्या चारचा. घरात अलीकडचा आणि पलीकडचा म्हणायचे. अलीकडचा गेला, तरी पलीकडच्याला अजून पलीकडचाच म्हणतात.

"वाढ गं, हात आखडू नकोस," पलीकडचा म्हणाला. "सोमवारी दाढ काढणारेत माझी. मग आठवडाभर पेजच आहे नशिबात."

"कुठे काढतोयस?"

"तुझ्या हिलवर. डेंटलला. स्वस्त पडतं म्हणून बर्नडीननं नेलं. आणि व्हर्ना, मानलं तुमच्या नव्या कॉम्प्युटरला! काही म्हणजे काही विचारलं नाही मला. मी म्हणतोय, बाई गं, लिहून घे, तर ती पोरगी म्हणते, सगळं आलंय इथे, तुम्ही ब्याण्णव साली दात साफ करून गेलात की. मी म्हटलं, मी आयुष्यात इथे पाऊल ठेवलेलं नाही. ती हसली. म्हणाली, विसरला असाल. ह्या वयात होतं असं." आणि तो पोट हलवत हसला.

व्हर्नाच्या हातातला डाव कोशिंबिरीत तसाच राहिला. "औषधांचं विचारलं का? तुझ्या गोळ्यांचं?"

"म्हणाली, कुठलंही औषध चालू नाही, हृदय ठणठणीत. म्हटलं, वा! कॉम्प्युटर म्हणतोय तर मी कशाला नाही म्हणू?"

ह्या माणसाच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी नवी झडप बसवली होती, केंटकीतल्या इस्पितळात. तेव्हापासून तो रक्त पातळ करायच्या गोळ्या खात होता. दाढी करताना कापलं तर टॉवेल भरायचा. आणि सोमवारी एक शिकाऊ पोरगा त्याची दाढ उपटणार होता.

"अरे गाढवा," व्हर्ना जवळजवळ ओरडली, "सांगायचं नाही का त्यांना! बर्नडीन, ए बर्नडीन! सोमवारी जायच्या आधी ह्याच्या गोळ्यांची बाटली त्यांच्या टेबलावर आपट. ऐकलंस?"

"आपटते की," त्याच्या मागे उभी असलेली त्याची बायको बर्नडीन म्हणाली. "तुझा चेहरा असा का झालाय पण?"

"तेलाचा धूर," व्हर्ना म्हणाली.

घरी येऊन ती स्वयंपाकघरात कोट न काढता बसून राहिली. काय झालं असेल ते तिला आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. पलीकडचा हिलवर पहिल्यांदा आला. कॉम्प्युटरनं त्याच्यासाठी जोडीदार शोधला. क्लीटस ह्यूसमन, तेच नाव, तेच साल, जन्मतारखेचे तेच आकडे, फक्त उलटसुलट, चार-अकरा आणि अकरा-चार. असे उलटे पडलेले आकडे त्या तळघरात रोज दहा निघायचे आणि त्या बायका डोळे मिटून 'एकच' म्हणायच्या. त्यातून डेंटलचा क्लीट तर जिवंत. मेलेल्या क्लीटचा आणि त्याचा काही संबंध नाही, असं खुद्द व्ही. एच.नं लिहून दिलेलं. मग हा जिवंत क्लीट पलीकडचाच, दुसरा कोण? कुणीतरी बटण दाबलं, आणि तिच्या क्लीटचं धडधाकट हृदय ह्याच्या छातीत जाऊन बसलं.

शनिवारभर तिनं स्वतःची समजूत घातली. बर्नडीन बाटली आपटेल. डेंटलवाले सावध होतील. मिटलं. कुणाला काही सांगायची गरज नाही, आणि मे महिना तर तोंडावर आलाय. तिनं सातही कार्डं टेबलावर मांडली, पुन्हा पुन्हा वाचली. साडेचार. आज माझी धडगत नाही. पुढे काय रे? पुढे काय लिहिलंस, सांग ना!

रविवारी प्रार्थनेला तो पलीकडचा पुढच्याच बाकावर होता. रुंद मान, कॉलरवर आलेले पांढरे केस, मागून अगदी तिच्या क्लीटसारखे. तिच्या मनात आलं, सोमवारी बर्नडीन आहे बाटली आपटायला. पण उद्या हा रस्त्यात कोसळला, बेशुद्ध हिलवर आणला, तर कोण काय आपटणार? तिथले लोक पडद्यावर बघतील. पडदा म्हणेल, हृदय ठणठणीत. आणि ते त्याप्रमाणे सुई टोचतील. तिनं सबंध प्रार्थना त्या मानेकडे बघत काढली.

सोमवारी सव्वासात वाजता ती मिसेस ब्रँडवींच्या दारात उभी होती. रोझेटाही तिथेच होती, कॉफी ओतून घेत.

"मी एक जोडी मुद्दाम चुकीची लावलीय," व्हर्ना म्हणाली. "माझ्या नवऱ्याची."

मग तिनं सगळं सांगितलं. कार्डांचंही. सांगताना तिची मान वर होईना. मिसेस ब्रँडवींनी मधे एकदाच हात वर केला आणि डेंटलला फोन लावला, "दहा वाजताची दाढ थांबवा. हो, आत्ता. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावू नका." फोन ठेवला आणि त्या कागद पुढे ओढून लिहायला लागल्या.

बोलली ती रोझेटा. तिनं पडद्यावर ती नोंद काढली होती. खाली आर. पी. अशी तिचीच अक्षरं होती.

"ही मी लावली," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "मी लावली ही, व्हर्ना. ह्यूसमन बघितलं, म्हटलं, तुझ्या घरचे. वर तुझी अक्षरं होती, वेगळे म्हणून. म्हटलं, व्हर्नानं बघितलंय म्हणजे बघितलंय, हा तो पलीकडचा असणार. पत्त्याचं पान उघडलंसुद्धा नाही मी. का उघडीन? मी देवाला एकदा तपासून घेईन, पण तुला नाही."

"रोझेटा..."

"गप्प बस. त्या माणसाला काही झालं असतं तर माझ्या नावानं झालं असतं. तुला कार्ड हवं होतं ना? मला सांगायचं होतंस. अगं, मी रोज एक लिहून टाकलं असतं तुला!"

"त्याच्या अक्षरात?" व्हर्ना म्हणाली, आणि तिला हुंदका आवरेना.

रोझेटानं कॉफीचा पेला ठेवला, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बस इथे. नियमानं मीच लावायची ही. तू फक्त बघ."

आधी पलीकडच्याची गाठ सोडवली. त्याची पाटी कोरी केली, झडप आणि गोळ्या लिहिल्या. मग दोन क्लीट शेजारी-शेजारी आणले. कॉम्प्युटरनं विचारलं, एकच की वेगळे? रोझेटानं व्हर्नाकडे बघितलं. व्हर्नानं मान हलवली. बटण दाबलं, आणि उजवीकडच्या रकान्यात तारीख उमटली. सप्टेंबर १७, १९९२. डेंटलमध्ये, दवाखान्यांत, सगळीकडे एकदम. हिलवर आता कुठल्याच इमारतीत क्लीट जिवंत नव्हता. एवढ्या वर्षांत प्रथमच हिलनं एखादी गोष्ट इतक्या झटपट केली असेल.

मिसेस ब्रँडवींनी व्हर्नाला दोन महिन्यांसाठी जोड्यांवरून काढलं आणि तिच्या फायलीत कागद लावला. "मी ह्याहून जास्त करायला हवं," त्या म्हणाल्या. "पण तू आपणहून आलीस." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "आणि व्हर्ना, डेंटलला मेलेल्यांची यादी दर तासाला जाते आता. स्टेगमन कार्डं काढून टाकतात. काही विचारायचं असेल तर उशीर करू नकोस."

व्हर्ना पार्किंगमधून धावतच गेली. पंचावन्न वर्षांची, गुडघे दुखणारी बाई, कोटाची बटणं उघडी.

स्टेगमन म्हणजे फिकट पडलेला, नीटनेटका म्हातारा. भिंतीला लागून त्याचे लांब लाकडी खण, महिन्याप्रमाणे. पायाशी फाडायच्या कागदांची टोपली. व्हर्नानं नाव सांगताच त्याचा चेहरा उतरला.

"आत्ताच यादी आली, मिसेस ह्यूसमन. मला काही... म्हणजे ब्याण्णवपासून मी तुम्हाला ती कार्डं... अरे देवा! मला जरा जरी माहीत असतं ना..."

"माफी नका मागू," व्हर्ना म्हणाली. "त्याचं कार्ड काढलंत का?"

त्यानं टोपलीतून काढलं. काढताना लाजला बिचारा. "एकच उरलं होतं. शेवटचं. खरं तर चार-पाचच भरा म्हटलं होतं मी त्यांना. जाताना ह्या खिडकीशी उभे राहून अजून लिहीत होते. म्हटलं, साहेब, पाच वाजले, बाहेर कुणी वाट बघतंय का? म्हणाले, बघतंय म्हणूनच लिहितोय."

त्यानं कार्ड पुढे केलं, तसंच, बीव्हरची बाजू वर.

व्हर्नानं ते हातात घेतलं. कागद जाड होता, एक कोपरा दुमडलेला. उलटायचा अवकाश. मागच्या बाजूला पाच वाजता खिडकीशी उभा असलेला क्लीट होता, आणि त्याला काहीतरी सांगायचं होतं. ह्याच्यासाठी तिनं खोटं बोलून बघितलं होतं, मैत्रिणीला तोंडघशी पाडलं होतं, एका माणसाचा जीव पणाला लावला होता. तिची बोटं कडेला लागली. उलटावं, आत्ता, इथल्या इथे. मग तिला कळलं, की उलटलं की ती दुपार संपली. तो बाहेर येणार, गाडीत बसणार, आणि मग सप्टेंबर. ह्याच्यापुढे त्याचा तिला नवा असा एक शब्दही कुठल्या खणात नव्हता.

स्टेगमननं दोनदा घसा खाकरला.

"मे महिन्याची कार्डं टपालात केव्हा टाकता तुम्ही?"

"तीन-चार तारखेला. का?"

तिनं कार्ड खिडकीतून परत आत सरकवलं. "मग हेही तेव्हाच टाका."

"बाई, पण ते तुमच्या हातात होतं की!"

"माहीत आहे मला."

"कॉम्प्युटर आता ह्यांचं नाव सांगणार नाही मला. आणि जूनपासून तर छापीलच कार्डं येणार, हे खण जाणार सगळे. मला लक्षात ठेवावं लागेल."

"तुम्हाला जमेल. मी एक तारखेला फोन करीन."

स्टेगमननं तिच्याकडे बघितलं, मग हातातल्या कार्डाकडे. त्यानं ते मे महिन्याच्या खणात, सगळ्यात पुढे, उभं करून ठेवलं. व्हर्ना दारापर्यंत गेली आणि तिथून वळली.

"आणि मिस्टर स्टेगमन, तुम्ही वाचायचं नाही हं. त्याला जे सांगायचं होतं ते आधी मला ऐकायचंय."